पैऱ्याला नेलेला बैल

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आणि तुम्ही काही पहिले नाही. कोल्हापुरात संध्याकाळी मी बारा ते सोळा वयाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. पोरांना न्यायला आलेले वडील, शाहू स्टेडियमवर सामना सुटल्यावर चहाच्या गाड्यावर भेटणारी मंडळी, सगळे फिरून फिरून एकच विचारतात, "सर, पगार क्लबचा, आणि पाय मोडणार देशाच्या सामन्यात. मग क्लब त्याला सोडतोच कशाला?"

हा प्रश्न माझ्या अंगावर पहिल्यांदा खरा आला तो 18 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी. तिकडे माँटेव्हिडिओमध्ये आदल्या दिवसाची रात्र होती आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझील उरुग्वेशी खेळत होता. आमच्याकडे दूध आणायची वेळ. पहिला हाफ संपत आला असताना ब्राझीलचा नेमार धावता धावता पडला, गुडघा धरून ओरडला आणि स्ट्रेचरवरून रडत बाहेर गेला. दहा मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. पोरांना ब्राझील हरतंय याचं काही नव्हतं. "सर, आता आपल्या तिकिटांचं काय?"

झालं होतं असं की ऑगस्टमध्ये नेमार पॅरिसचा क्लब सोडून सौदी अरेबियाच्या अल हिलाल या क्लबकडे गेला होता, आणि त्याच महिन्यात एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये अल हिलाल आणि आपला मुंबई सिटी क्लब एकाच गटात आले. 6 नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना. विश्वचषकाच्या दिवसांत आमच्या पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे समोरासमोर लागतात, घराघरांत दोन तट पडतात. तो नेमार एका रात्रीच्या प्रवासावर येणार म्हटल्यावर पोरं थांबतात होय? महिनाभर त्यांनी दुसरं काही बोललं नव्हतं.

आम्ही गेलो तरीही. टेम्पो ट्रॅव्हलर केली, घाट उतरेपर्यंत पोरं गात होती. त्यातला एक तेरा वर्षांचा पोरगा पिवळी जर्सी घालून आला होता, पाठीवर दहा नंबर. सामना सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास तो मैदानाकडे कमी आणि अल हिलालच्या राखीव खेळाडूंच्या बाकाकडे जास्त बघत होता. नेमार त्या वेळी ब्राझीलमध्ये होता, चारच दिवसांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अल हिलाल दोन-शून्यनं जिंकलं. परतीच्या वाटेवर पोरगा मला म्हणाला, "सर, त्यांनी एवढे पैसे घातले, आणि दुसऱ्यांनीच मोडला की त्याला."

अल हिलालनं त्याच्यासाठी सुमारे 9 कोटी युरो मोजले होते. दुखापतीआधी त्यांच्यासाठी तो फक्त पाच सामने खेळला. मग एक वर्ष बाहेर. परत आल्यावर आणखी दोन, आणि जानेवारी 2025 मध्ये करारच संपवला. पोराचा हिशोब चुकला नव्हता.

आता क्लब सोडतो कशाला, तर त्याला सोडावंच लागतं. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या वेळापत्रकात देशांच्या सामन्यांसाठी काही दिवस राखून ठेवलेले असतात, फुटबॉलवाले त्याला 'विंडो' म्हणतात. त्या दिवसांत देशानं बोलावलं की क्लबला नाही म्हणता येत नाही. खेळाडू परस्पर थांबला, तर ते दिवस आणि वर आणखी पाच दिवस त्याला क्लबकडूनही खेळता येत नाही. म्हणजे 'माझ्याकडून खेळत नाहीस तर कुणाकडूनच खेळू नकोस' असा तो नियम आहे.

मला स्वतःला हा नियम योग्य वाटतो. नसता तर दहा श्रीमंत क्लबांनी गरीब देशांचे चांगले खेळाडू घरात कोंडून ठेवले असते. माझं भांडण आहे ते पुढच्या गोष्टीशी.

माझे वडील करवीर तालुक्यातले शेतकरी. आमच्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक. पैरा करून, म्हणजे दोन्ही बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं, दोघांची नांगरट व्हायची. पैऱ्याचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. बैल ज्याच्या रानात त्या दिवशी राबतोय, वैरण-पाणी त्यानं करायचं. बैल लंगडला तर डॉक्टर त्यानं आणायचा. संध्याकाळी बैल दावणीला परत आला की वडील आधी त्याच्या चारी पायांवरून हात फिरवायचे, मग शेजाऱ्याला चहा विचारायचे.

फुटबॉलमध्ये कितीतरी वर्षं बैल न्यायचा नियम होता, डॉक्टर आणायचा नव्हता. नोव्हेंबर 2004 मध्ये बेल्जियमच्या शार्लरॉ या क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला आणि घोट्याचे लिगामेंट फाडून घेऊन परत आला. कित्येक महिने तो बाहेर राहिला, पगार मात्र क्लबच भरत होता. शार्लरॉ काही मोठा क्लब नव्हे, पण तो थेट फिफाविरुद्ध कोर्टात गेला. युरोपातले बडे क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रकरण युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. निकाल लागायच्या आत, 2008 साली, तडजोड झाली. विश्वचषकाच्या कमाईतला वाटा क्लबांना द्यायचा हे तिथून ठरलं. माझ्या दृष्टीनं गेल्या पन्नास वर्षांत फुटबॉलमध्ये क्लबांनी जिंकलेली ही सगळ्यात मोठी लढाई, आणि ती एका लहान क्लबच्या एका घोट्यावरून झाली.

त्यानंतर 2010 च्या विश्वचषकात क्लबांना 4 कोटी डॉलर मिळाले. 2022 मध्ये कतारच्या विश्वचषकात 20 कोटी 90 लाख, आणि ते 51 देशांतल्या 440 क्लबांत वाटले गेले. एका खेळाडूमागे दिवसाला साधारण 11 हजार डॉलर पडले, मग तो मेस्सी असो नाहीतर सगळे सामने बाकावर बसलेला तिसरा गोलरक्षक. त्यातली मला आवडलेली बाब ही, की तो खेळाडू आधीच्या दोन वर्षांत ज्या ज्या क्लबात होता त्यांनाही वाटा मिळतो. 2026 साठी रक्कम 35 कोटी 50 लाखांवर गेली आणि पात्रता सामन्यांना खेळाडू सोडणारे क्लबही पहिल्यांदा त्यात आले.

आणि 2012 पासून विमाही आहे. देशाच्या मुख्य संघाकडून खेळताना जायबंदी झालेला खेळाडू 28 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर फिफा क्लबला त्याचा पगार भरून देते. दिवसाला जास्तीत जास्त 20,548 युरो, वर्षाला 75 लाख. नेमारचा पगार याच्या कितीतरी पट होता, तरी शार्लरॉला मिळालं नव्हतं ते अल हिलालसाठी निदान कागदावर होतं.

क्लब नुसताच देतो असंही नाही. 2022 च्या विश्वचषकात लुसैलला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं, तो दिवस आठवतो? त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा सौदी खेळाडूंपैकी नऊ जण अल हिलालचे होते. दोन्ही गोल करणारे त्यांचेच. शेवटी जायबंदी होऊन स्ट्रेचरवर गेलेला यासर अल शहरानीही त्यांचाच. रोज एकत्र सराव करणारी नऊ पोरं देशाच्या जर्सीत एकत्र धावली म्हणून त्यांचा बचाव तसा एका रेषेत पुढं सरकत होता आणि अर्जेंटिना पुन्हा पुन्हा ऑफसाइडला अडकत होता. देशाला तयार संघ मिळाला, क्लबचं नाव जगभर झालं. पैरा दोन्हीकडून फिटला तर असा फिटतो.

आपल्याकडे मात्र ओढाताणच जास्त दिसते. हांगझोऊची आशियाई स्पर्धा विंडोत बसत नव्हती, म्हणजे क्लबांवर सक्ती नव्हती, आणि आयएसएल, म्हणजे आपल्या क्लबांची इंडियन सुपर लीग, 21 सप्टेंबर 2023 ला सुरू होणार होती. कुणाला सोडायचं, कुणाला नाही, यावर शेवटपर्यंत घासाघीस चालली. संघ चीनमध्ये उतरला तो सामन्याच्या आदल्या दिवशी. सराव नाही, झोप नाही. चीननं 5-1 नं धुतलं. सुनील छेत्री गेला होता. 21 तारखेला त्यानं बांगलादेशविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर गोल केला आणि भारत 1-0 नं जिंकला. त्याच दिवशी कोचीत त्याचा क्लब बेंगळुरू त्याच्याशिवाय केरळा ब्लास्टर्सकडून 2-1 नं हरला. मी यात क्लबांना शिव्या देणार नाही. पगार, डॉक्टर, मैदान सगळं वर्षभर ते बघतात. ज्यांनी दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर चढू दिली, त्यांना मी विचारीन.

हे मी एवढं तळमळीनं का सांगतो, त्याला कारण माझा उजवा गुडघा. वाटीच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा व्रण आहे, थंडीत तो अजून ओढतो. 1998 साली मी आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचो, निवड होऊन बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो. तिसऱ्या सामन्यात पाय चिखलात रुतला आणि वरचं अंग वळलं. ज्यांच्या जर्सीत मी पडलो त्यांनी परतीचं एसटीचं तिकीट हातात ठेवलं. पुढं कुणी फोनही केला नाही. मिरजेला ऑपरेशन झालं त्याचे पैसे तालमीनं जमवले. पोरांनी पावतीपुस्तक घेऊन पेठ पालथी घातली. भाजीवाल्या मावशींनी वीस रुपयांची पावती फाडली होती, ती मी अजून ठेवली आहे. वस्ताद तीन महिने रोज सकाळी घरी येऊन पाय वाकवून घ्यायचे, मी ओरडलो की म्हणायचे, "ओरड, पण वाकीव."

तेव्हा खालच्या पातळीवर आपली सगळी व्यवस्था अशा पावतीपुस्तकावर उभी आहे. फिफाचा विमा देशाच्या मुख्य संघापुरता. जिल्हा, विद्यापीठ, राज्य, वयोगटांचे संघ त्यात येत नाहीत, आणि खेळाडू घडतो तो याच पायऱ्यांवर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला भारताकडून 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हापासून आमच्या प्रत्येक पोराच्या घरी निळ्या जर्सीचं स्वप्न आहे. त्या वाटेवर त्यांचे गुडघे कुणाच्या भरवशावर आहेत, हे आईबापांना कुणी सांगत नाही.

पिवळ्या जर्सीतला तो पोरगा आता पंधरा पुरा झालाय. मागच्या आठवड्यात निवड शिबिरासाठी त्याचं नाव आलं. आई फॉर्म घेऊन मैदानावर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "सर, पाय मोडला तर कुणाला बोलवायचं?" फॉर्म उलटून पाहिला. पालकांची सही, प्रशिक्षकाची सही, आणि खाली बारीक अक्षरात 'दुखापतीची जबाबदारी पालकांची'. मी त्या ओळीवर रेघ मारली, शेजारी विम्याचा कागद मागितला असं लिहिलं आणि मग सही केली. शिबिर सोमवारी आहे. कागद अजून आलेला नाही, उद्या सकाळी मी स्वतः जाऊन येणार आहे.