रंगाला वर्गणी, गळतीला ठणठणगोपाळ

सभागृहाला रंग द्यायचाय असं कुणी नुसतं म्हणलं तरी आमच्या गावात पैसे जमायला लागतात. पुण्यात कंपनीत असलेली पोरं तर तिथूनच फोनपे करून मोकळी होतात. पण तेच स्लॅब गळायलाय, वॉटरप्रूफिंग करावं लागतंय म्हणा, की लगेच सगळ्यांच्या सोयाबीनला भाव नसतो, कुणाची मोटार जळालेली असते, कुणाच्या पोरीची फी भरायची असते. रंग दिसतो ना. गळती बंद झालेली कुणाला दिसणारय?

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारी काही फार लांब नाही. त्यामुळं या सभागृहाची गोष्ट 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपापासूनच सांगावी लागते. आदल्या रात्री लोक गणपती बोळवून आले आणि झोपले, अन् पहाटे चारच्या आसपास ते सगळं झालं. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाची ढीगभर माती, म्हणजे उन्हाळ्यात एसी नको इतका गारवा, पण तेच ओझं माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर इकडं माळवदाखाली झोपायला लोक भ्यायला लागले, लई दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढले, आणि पुढं जे बांधायचं ते सळई-सिमेंटचंच असं ठरून गेलं. सभागृह त्याच काळातलं. गावातलं सगळ्यात भरवशाचं छप्पर म्हणजे ते. म्हातारी माणसं अजून वर बघून कौतुकानं सांगतात, सळई आहे बाबा त्याच्यात!

आता ती सळई खरंच दिसायलीय.

त्याचं असं असतं की स्लॅबमध्ये पाणी मुरलं की आतली सळई गंजते, आणि गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, मग खालचं काँक्रीट ढकलून देतं. मागं एका लग्नात ऐन पंगतीत अशी एक खपली पडली. नवरीच्या मामानं वर बघितलं, आचाऱ्यानं वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पंगत पुढं चालू. कुणी काही बोललं नाही. आणि यावर दरवेळी उपाय काय, तर रंग!

बरं रंगाची मीटिंग पण बघण्यासारखी असते. आपल्याकडं रंग नुसता रंग राहिलाच नाही, भगवा म्हणलं की एक बाजू खूश, निळा म्हणलं की दुसरी, हिरव्याचं तर कुणी नावच काढत नाही, पिवळा सुचवला तर म्हणे शाळेसारखं दिसतंय. दोन तास शेडकार्ड फिरतं आणि शेवटी ठरतो बदामी. गेल्यावेळीही बदामीच होता, त्याच्या आधीही. मला विचाराल तर मराठवाड्यातली निम्मी सभागृहं बदामी असण्याचं कारण आवड नाही, तडजोड आहे.

यंदा मात्र पेंटरचाचानं अडवलं. त्यांनी पत्रा घेऊन भिंत खरवडायला घेतली तर एकावर एक पापुद्रेच निघायला लागले, बदामीखाली गुलाबी, गुलाबीखाली निळीचा चुना, आणि एका जागी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची अर्धी घोषणा, म्हणजे 2000 सालानंतरची कधीतरी. पोरं मोबाईलवर फोटो काढायला लागली. चाचा पत्रा खाली ठेवून म्हणाले, "पैले उप्पर का देखो, बाद में कलर का बोलो." त्यांचं म्हणणं असं की चुना होता तोवर भिंतीतली ओल बाहेर निघून जायची, आता ऑइलपेंट मारून तुम्ही ती आतच कोंडता, मग फोड येणार नाहीत तर काय येतील. खाली लोणा म्हणजे भिंतीतला खार, वर ओल, मधी पुट्टी, कशी टिकायची?

आणि आमची काळी माती वेगळीच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यासोबत भिंतीपण हलतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. कापूस-सोयाबीनला ही माती सोनं आहे, पण बांधकामाला अजिबात नाही.

मग ठरलं की आधी कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर. जुना कोबा फोडून, विटांचे तुकडे बसवून, पाणी पाईपाकडं जाईल असा उतार काढायचा, आणि आळी करून वर पाणी तुंबवून ठेवायचं. इथं पुन्हा भांडण. उन्हाळ्यात प्यायला टँकर आणि तुम्ही गच्चीवर पाणी ओतायलाव? 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते लोक विसरलेले नाहीत, विसरूही नये. म्हणून काम पावसाळा संपल्या संपल्या काढलं. पण तेव्हा सभागृहात कुणाकुणाची भिजलेली सोयाबीन वाळायला पसरलेली, दरवर्षीच असते, तिला हलवायचं कुणी सांगायचं यात आणखी दिवस गेले. 17 सप्टेंबरचं मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन तेवढं आधी उरकलेलं होतं.

पैशाचा प्रश्न शेवटी एका तात्यांनी सोडवला. कोब्याचा सगळा खर्च मी देतो म्हणाले, फक्त वडिलांचं नाव टाका. आता नाव टाकायचं कुठं? गच्चीवर टाकलं तर वाचणार कोण, कबुतरं? भिंतीवर टाकलं तर रंगाला पैसे देणारे म्हणतात भिंत आमची. चाचांनी तोडगा काढला की स्लॅबखालीच लिहितो, छताला, जेवताना माणूस वर बघतोच. तर मधी पंखे. आणि पंख्यांच्या पात्यांवर आधीच 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलंय, त्यातला एक पंखा दिलेले दाजी तर सभा असली की भर उन्हाळ्यात तो पंखा बंद ठेवायला लावतात, फिरला की नाव वाचता येत नाही म्हणून.

परवाच्या पावसात आत एक थेंब आला नाही. रंगाचे पैसे बाकीच्या दुरुस्तीतच गेले, त्यामुळं पुढची भिंत नुसत्या प्रायमरवर आहे, लग्नाचं बघायला आलेले पाहुणे विचारतात काम चालू आहे का अजून. तात्यांच्या वडिलांचं नाव काही अजून लागलेलं नाही. तात्या रोज संध्याकाळी येतात, मान वर करून जागा बघतात, आणि काल चाचाला विचारत होते की अक्षरं फूटभर काढली तर पंख्याच्या मधून दिसतील का.