‘नोंद’ हा शब्द उभा करताना

सपाट अक्षराला जाडी दिली की शिल्प होते आणि शब्द राजकीय असला की शिल्पही आपोआप राजकीय ठरते, असा एक समज आहे. मला तो कधीच पटला नाही. इराणी शिल्पकार परवीझ तनावोली यांनी ‘काहीच नाही’ या अर्थाचा फारसी शब्द 2005 मध्ये पिंजऱ्यात बसवला, तेव्हा ग्वांतानामो या अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांविषयीचे म्हणणे त्या शब्दापेक्षा गजांमधून वाट काढणाऱ्या त्याच्या वळणांनी मांडले. कागदावर ते तसे साधले नसते.

मला सरकारी यादीतून गळालेल्या माणसांविषयी काम करायचे होते. म्हणून ‘नोंद’ हा शब्द एकाच जागेवरून सलग दिसावा आणि इतर कोठूनही त्याचे नुसते तुकडे दिसावेत, असे ठरवले. ती जागा अर्थातच कचेरीची खिडकी.

न, त्यापुढचा काना-मात्रा आणि द हे तीन भाग वेगवेगळ्या अंतरांवर उभे केले. डोळ्यापासून न 2 मीटरवर आणि द 3 मीटरवर असेल, तर द दीडपट मोठा कापावा लागतो, त्याच्या रेघेची रुंदीही दीडपट ठेवावी लागते आणि डोळ्याच्या पातळीपासून शिरोरेषेची उंचीसुद्धा त्याच प्रमाणात वाढवावी लागते. हे गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचेच आहे. बोरूच्या वळणाची बारीक टोके प्लायवूडमध्ये टिकत नाहीत, म्हणून एकसारख्या जाडीची अक्षरे स्वतः रेखली.

खरा वेळ गेला तो अक्षरांच्या कडांवर. ब्लेंडर या त्रिमितीय आराखड्यांच्या संगणक-प्रणालीत अक्षर सरळ मागे ओढले की त्याच्या आतल्या कडा खिडकीतून दिसू लागतात आणि सलगपणाचा आभास मोडतो. त्यामुळे मागचा प्रत्येक थर अंतराच्या प्रमाणात किंचित मोठा कापून, कडा दृष्टिरेषेच्या उतारावर घासाव्या लागल्या. रंग चकाकी नसलेला घेतला, कारण चकाकी आणि सावली दोन्ही अंतराची चुगली करतात. तरीही दोन डोळ्यांना खोली कळतेच, म्हणून खिडकीच्या फळीला एका डोळ्यापुरते भोक ठेवले, तेही बसलेल्या माणसाच्या उंचीवर. उभ्या माणसाला त्यासाठी वाकावे लागते, आणि ते मला हवेच होते.

राहिला अनुस्वार. या शब्दात बाकी सारे शिरोरेषेला धरून असते, हे टिंब मात्र सुटे. त्याला मागून सळईचा आधार देऊन जागेवर बसवणे अवघड नव्हते. मी ते दृष्टिरेषेबाहेर, रांगेत उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर टांगले. भोकातून पाहणारे बहुतेक जण टिंब मनानेच भरून ‘नोंद’ असेच वाचतात आणि समाधानाने पुढे जातात. मुद्रितशोधन करणाऱ्या एका बाईंनी मात्र डोळा लावताच विचारले, “यातला अनुस्वार कुठे गेला?”