सगळेच मनमिळाऊ कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जिल्ह्याच्या दैनिकात २२ वर्षं निधनवार्तांचा कॉलम मी लावला, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला ठरलेला: 'पेपरात गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचा आणि पंचक्रोशीत परिचित कसा असतो हो?'

घरचे तसंच लिहून आणतात, आणि त्यांना तसंच वाटत असतं. स्मशानातून परतलेला मुलगा ओल्या केसांनी समोर उभा असतो. त्याच्या कागदावरचं विशेषण खोडायला माझा हात कधी झाला नाही. आपल्याकडे चांगलं जगणं म्हणजे माणसं जोडणं. म्हणून तर 'त्यांच्या पश्चात' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. विशेषण गळलं तर कुणी काही बोलत नाही. पणतू राहिला तर सकाळी आठलाच फोन.

पण माणूस कळतो तो त्याच्या कामातून. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांचं किती बिनसलेलं! तरी १९०१ साली रानडे गेले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त लिहिलं की महाराष्ट्र थंड गोळा होऊन पडला होता, त्याला ऊब देण्याचं काम या माणसानं हाती घेतलं. वाचणाऱ्याला रानडे दिसतात. म्हणून मीही प्रत्येकाला विचारायचो, 'काय करायचे ते?'

पुरुषांचं लगेच सांगतात. नोकरी, सोसायटीचं संचालकपद, पंढरीची वारी. बाईचं मात्र नाव, वय आणि पुढे 'अमक्यांच्या मातोश्री होत', संपलं. हे मला फार लागायचं. एकदा एकानं लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर अशीच बातमी लिहून आणली.

'आई काय करायच्या?'

'काही नाही, घरीच असायची.'

सोबत कॉलेजातली नात होती. ती म्हणाली, 'घरी कुठं, पप्पा? कुणाकडे बाळंतीण आली की आजी सव्वा महिना तिकडंच. बाळाला न्हाऊ घालायला. पैसे नाही घ्यायची कुणाकडून.'

तो गप्प झाला. मग खिशातलं पेन काढून ती ओळ त्यानं स्वतःच खाली लिहिली. दोन ओळी जादा होत होत्या, मी दुसरीकडची जागा काढून दिली.

दहाव्यानंतर त्याचा फोन आला. घाटावर कितीतरी बायका आल्या होत्या, घरातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. एकीनं आपल्या मुलाला पुढं करून सांगितलं, 'ह्याला त्यांनीच पहिलं न्हाऊ घातलं.'