गोठलेलं होतं म्हणून

चवथीत म्हापशाजवळच्या आमच्या बोर्डिंगमध्ये जागा उरत नाही. माणसं गावच्या घरी गणपतीला जातात, कुत्रे आमच्याकडे येतात. रात्री आरती झाली की फटाके. तोवर प्रत्येकापुढे गोठवलेलं खेळणं असावं लागतं. चाटत राहिलेला कुत्रा कमी घाबरतो.

पोकळ रबरी खेळण्याचं खालचं भोक आधी उकडलेल्या गाजराने बुजवायचं, नाहीतर सगळं गळतं. आत घट्ट पेज, लाल भोपळा, उकडलेली कोंबडी, चमचाभर पीनट बटर. मीठ, कांदा, लसूण मुळीच नाही. स्टीलच्या पेल्यात उभं करून फ्रीजरमध्ये. नव्या कुत्र्याला मात्र न गोठवलेलं द्यायचं, हा माझा नियम. दगडासारखं लागलं तर तो नाद सोडतो.

त्या संध्याकाळी नव्या लॅब्राडॉरला मदतनिसाने गोठवलेलंच दिलं. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मग मोरीपाशी बरणी दिसली. आमचं बटर संपल्यावर शेवटच्या खेळण्यात त्याने लॅब्राडॉरच्याच पिशवीतलं घातलं होतं. त्यावर 'शुगर फ्री' लिहिलेलं, आणि बारीक अक्षरांत झायलिटॉल, साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ.

माणसाला त्याची अशी विषबाधा होत नाही. कुत्र्याच्या अंगात मात्र इन्सुलिन उसळतं, अर्ध्या तासातसुद्धा रक्तातली साखर कोसळू शकते, जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. मी खेळणं हिसकावलं तेव्हा दहा मिनिटं झाली होती. वरचा थर तेवढा गेला होता.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती ग्रॅम?" बरणीवर प्रमाणच नव्हतं. घटक छापायचा आणि प्रमाण लपवायचं, याचा संताप अजून जात नाही. एरवी विषबाधेत विष शोषायला देतात तो औषधी कोळसा इथे फारसा उपयोगी नाही. रात्रभर दर तासाला साखर तपासली. एकदा 58 पर्यंत उतरली, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाईन लावलं, पहाटे सावरली. यकृताच्या तपासण्या तीन दिवस केल्या, ठीक आल्या.

मालकीणबाई फोनवर रडत होत्या. "दादा, साखर नको म्हणून मुद्दाम महागातलं घेतलं हो." त्यांना काय बोलणार? मालकांना देतो त्या कागदावर 'पीनट बटर चालेल' एवढंच मी लिहिलं होतं. कुठलं, ते नाही.

पोराची मी माफी मागितली. त्याने माझा नियम पाळला असता, तर लॅब्राडॉरने ते मऊ खेळणं दोन मिनिटांत तळापर्यंत साफ केलं असतं.