टर्मिनलमधल्या एआय सहायकाला द्यायची पहिली कामे

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, कोड वाचणारे, बदलणारे आणि चालवून पाहणारे एआय सहायक आता बरेच झाले आहेत. एडर हे मुक्त स्रोत साधन २०२३ पासून वापरात आहे; २०२५ मध्ये फेब्रुवारीत अँथ्रॉपिकचे क्लॉड कोड, एप्रिलमध्ये ओपनएआयचे कोडेक्स सीएलआय आणि जूनमध्ये गूगलचे जेमिनी सीएलआय आले. यांपैकी कोणतेही साधन बसवायला फारसा वेळ लागत नाही आणि ते कसे बसवावे, हे त्या त्या साधनाच्या अधिकृत माहितीत नीट दिलेले असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: पहिले काम कोणते द्यावे? माझे ठाम मत असे आहे की, सहायकाकडून एकही ओळ लिहून घेण्याआधी त्याचे काम तपासण्याची सोय करून ठेवावी आणि सुरुवातीची सगळी कामे त्या सोयीच्या आवाक्यातलीच द्यावीत.

या मतामागचे कारण कळण्यासाठी आत काय चालते ते पाहावे लागते. सहायकामागचे मॉडेल, म्हणजे मजकूर तयार करणारी एआय प्रणाली, स्वतः आपल्या संगणकाला हात लावू शकत नाही. त्याला मजकूर मिळतो आणि ते मजकूरच परत देते. टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम त्याच्यापुढे काही क्रियांची यादी ठेवतो: फाइल वाचणे, मजकूर शोधणे, फाइल बदलणे, कमांड चालवणे. मॉडेल यांतली एखादी क्रिया मागते, प्रोग्राम ती पार पाडतो, हाती आलेला मजकूर संवादाला जोडतो आणि तो संवाद पुन्हा मॉडेलकडे पाठवतो. मॉडेलच्या मागण्या संपेपर्यंत हे चक्र फिरत राहते. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, चालवल्यावर आलेली एररही याच वाटेने मॉडेलपर्यंत पोचते आणि म्हणूनच ते आपली चूक आपणच दुरुस्त करू शकते. चॅटमध्ये कोड मागून तो फाइलमध्ये चिकटवण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरते, ती मुख्यतः या कारणाने. ज्या प्रोजेक्टमध्ये चूक दाखवून देणारे काहीच नसते, तिथे मात्र हा फायदा हातचा जातो आणि सहायक 'काम पूर्ण झाले' असे तितक्याच आत्मविश्वासाने सांगत राहतो.

तपासणीची पहिली सोय म्हणजे गिट, फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन. प्रोजेक्ट गिटमध्ये नसेल तर आधी तो गिटमध्ये घ्यावा, हाती असलेले सगळे बदल कमिट करावेत (त्या इतिहासात नोंदवावेत) आणि सहायकासाठी वेगळी ब्रांच, म्हणजे इतिहासाची स्वतंत्र शाखा, काढावी, म्हणजे त्याने काय बदलले ते 'गिट स्टेटस' आणि 'गिट डिफ' या कमांडनी समोर येते आणि नको असलेले सगळे मागे घेता येते. एडर प्रत्येक बदल आपणहून कमिट करतो. इतर साधनांत ते बहुधा आपल्याला करावे लागते किंवा करायला सांगावे लागते. एक गोष्ट मात्र विसरू नये. गिट फक्त त्याच्याकडे सोपवलेल्या फाइली सांभाळते. डेटाबेसमधली पुसलेली नोंद किंवा गिटने दुर्लक्ष करावे म्हणून गिटइग्नोरमध्ये टाकलेली, गुप्त माहितीची 'डॉट एनव्ह' फाइल गिटमधून परत मिळत नाही, त्यामुळे सहायकाबरोबर काम करताना खऱ्या डेटाबेसऐवजी चाचणीचा डेटाबेस जोडलेला असावा.

यानंतर सहायक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सुरू करावा, होम फोल्डरमध्ये नव्हे, आणि आरंभी फक्त प्रश्न विचारावेत. त्यातही ज्या कोडची आपल्याला पूर्ण माहिती आहे, त्याच्याविषयी विचारावेत. 'लॉगिन झाल्यावर वापरकर्त्याची माहिती कोणत्या फाइलींमधून कुठे जाते, ते फाइलीच्या आणि फंक्शनच्या नावांसह सांग. काहीही बदलू नकोस', असे सांगितले की तो शोध घेतो, फाइली उघडतो आणि उत्तर देतो. उत्तर आपल्याला ठाऊक असल्यामुळे तो कुठे अचूक आहे, कुठे वरवरचे सांगतो आणि कोणती फाइल न उघडताच अंदाज बांधतो, हे चटकन लक्षात येते. अनोळखी कोडवर त्याच्या उत्तराचे वजन किती धरावे, हे ठरवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता पहिला बदल. तो लहान असावा एवढे पुरेसे नाही. तो झाला की नाही हे मतांवर अवलंबून नसावे. 'तारखांचा कोड सुधार' ही सूचना दिली तर सहायक काहीतरी नक्कीच करील, पण ते बरोबर आहे का, हे ठरवायला आपल्याकडे काहीच नसेल. त्याऐवजी आधी एक टेस्ट लिहावी: १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते, म्हणून २८ फेब्रुवारी १९०० पासून १ मार्च १९०० पर्यंतचे अंतर एक दिवस आले पाहिजे आणि २००० साली तेच अंतर दोन दिवस आले पाहिजे. ही टेस्ट चालवून ती सध्या फसते आहे, हे डोळ्यांनी पाहावे, ती कमिट करावी आणि मग सांगावे: 'ही टेस्ट पास होईल असा बदल कर, टेस्टच्या फाइलीला हात लावू नकोस, आधीच्या सगळ्या टेस्टही चालव.' यातल्या शेवटच्या दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. टेस्ट पास करण्याचा सर्वांत सोपा मार्ग कधीकधी टेस्टच बदलणे किंवा त्या दोन तारखांसाठी उत्तरे कोडमध्ये थेट लिहून टाकणे हा असतो आणि मॉडेल त्या वाटेला जाताना दिसतात. टेस्ट आधी कमिट केलेली असल्यामुळे पहिला प्रकार डिफमध्ये लगेच उघडा पडतो. दुसरा पकडायला कोड वाचावाच लागतो.

परवानग्यांच्या बाबतीत मी जाणूनबुजून सावकाश जाण्याच्या बाजूचा आहे. चालवलेली कमांड आपल्याच खात्याच्या अधिकाराने चालते. काही साधने तिला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त वातावरणात, मर्यादित ठेवतात, पण ती मर्यादा कुठपर्यंत आहे हे आपण पाहून घेतले पाहिजे. यातली बहुतेक साधने फाइल बदलण्याआधी किंवा कमांड चालवण्याआधी विचारू शकतात आणि 'यापुढे विचारू नको' असा पर्यायही देतात. फाइल वाचणे, टेस्ट चालवणे, 'गिट स्टेटस' आणि 'गिट डिफ' यांना कायमची परवानगी द्यायला हरकत नाही. फाइली पुसणे, 'गिट पुश' (बदल सर्व्हरवर पाठवणे), नवे पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसवणे आणि इंटरनेटवरून काही उतरवून चालवणे यांसाठी मात्र प्रत्येक वेळी प्रश्न यावा आणि तो वाचूनच उत्तर द्यावे. पॅकेजचा उल्लेख मुद्दाम केला आहे: मॉडेल अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव खऱ्यासारखे सुचवू शकते आणि अशा नावाने कोणीतरी घातक पॅकेज आधीच नोंदवून ठेवलेले असू शकते. सहायकाने वाचलेल्या वेबपानात किंवा दुसऱ्याच्या रिपॉझिटरीतल्या (गिटमध्ये ठेवलेल्या प्रोजेक्टमधल्या) फाइलीत त्याच्यासाठी पेरलेल्या सूचनाही असू शकतात, आणि वाचलेला मजकूर व आपली आज्ञा यांत मॉडेलला नेहमीच फरक करता येतो असे नाही. सगळ्या परवानग्या एकदम वगळणारा पर्याय क्लॉड कोडमध्ये आहे आणि त्याच्या नावातच धोक्याची सूचना आहे. तो वापरायचाच असेल तर वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून अलग ठेवलेल्या वातावरणात, वापरावा.

गुप्त माहितीचेही तसेच. मॉडेल आपल्या संगणकावर चालत नसेल, तर वाचलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरकडे जातो. पासवर्ड आणि एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) असलेल्या फाइली वाचण्यास सेटिंगमध्येच मनाई करावी, आणि कोड नोकरीच्या ठिकाणचा असेल तर लेखी परवानगी आधी घ्यावी.

काही दिवस काम झाले की, त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा द्याव्या लागत असल्याचे जाणवते. त्यासाठी प्रोजेक्टमध्ये सूचनांची एक फाइल ठेवता येते: क्लॉड कोडमध्ये ती 'क्लॉड डॉट एमडी', जेमिनीत 'जेमिनी डॉट एमडी', कोडेक्समध्ये 'एजंट्स डॉट एमडी'. प्रत्येक सत्राच्या आरंभी ती वाचली जात असल्यामुळे तिच्यातली प्रत्येक ओळ दर वेळी टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्यांत मोजते ते शब्दांचे तुकडे, खर्च करते. टेस्ट कोणत्या कमांडने चालतात, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही आणि कोड वाचून न कळणारे निर्णय कोणते, एवढेच तिच्यात असावे. कोड नीटनेटका लिही, यासारख्या सदिच्छा तिथे लिहून काही साधत नाही.

संवाद फार लांबू देऊ नये. मॉडेलच्या संदर्भाला, म्हणजे ते एका वेळी लक्षात घेऊ शकते त्या मजकुराला, मर्यादा असते आणि ती गाठण्याच्या आधीच, जुन्या चुकलेल्या प्रयत्नांच्या गर्दीत, उत्तरांचा दर्जा घसरू लागतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावूनही जमत नसेल तर वाद घालत बसू नये. संवाद पुसावा, झालेले बदल मागे घ्यावेत आणि काय अडले ते मूळ सूचनेतच नमूद करून नव्याने सुरुवात करावी. खर्चाच्या दृष्टीनेही हे बरे पडते, कारण टोकननुसार पैसे आकारणाऱ्या खात्यावर लांबलेल्या संवादाची प्रत्येक फेरी आधीचा मजकूरही मोजते, त्यातला काही भाग सवलतीने मोजला जात असला तरी. अशा खात्यावर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालून ठेवावी.

सूचना मराठीत द्याव्यात का? अवश्य द्याव्यात. देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात हे खरे, पण सूचनेच्या चार ओळी वाचल्या जाणाऱ्या फाइलींपुढे नगण्य असतात, आणि अपवाद, अटी, अपेक्षा या गोष्टी आपण ज्या भाषेत विचार करतो तिच्यात अधिक काटेकोरपणे मांडता येतात. फाइलींची, फंक्शनची आणि एररची नावे जशीच्या तशी ठेवावीत, आणि कोडमधल्या टिपा कोणत्या भाषेत हव्यात तेही सांगून टाकावे.

मोठ्या कामाकडे वळताना आधी लेखी योजना मागावी: कोणत्या फाइली बदलतील, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक टप्पा कोणत्या टेस्टने तपासला जाईल. काही साधनांत यासाठी स्वतंत्र मोड असतो, ज्यात सहायक कोडमध्ये काहीही बदलत नाही. योजना वाचून तिच्यात दुरुस्त्या कराव्यात, मग एकेक टप्पा करून घ्यावा, आणि एखाद्या टप्प्याचा डिफ एका बैठकीत वाचून संपण्यासारखा नसेल तर तो टप्पा आणखी तोडायला सांगावा.