रात्रीची लाईट आणि आत्यांनी दिलेली पिशवी

पौष, बुधवार. सकाळ

रात्री सव्वादहाला लाईट आली. पहाटे चारपर्यंत गव्हाला पाणी पाजलं. आता साडेनऊ होत आलेत. दूध डेअरीला गेलं, गुरांपुढं वैरण पडली, आणि मी पूर्वेकडच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसलेय. डाव्या पायाची बोटं आत्ता कुठं माझी वाटायला लागलीत.

ह्यांची या आठवड्यात रातपाळी. शेतीची लाईटही नेमकी याच आठवड्यात रात्रीची. म्हणजे दारं मोडायला, पाणी एका साऱ्यातून (वाफ्यातून) दुसऱ्यात वळवायला, मी एकटी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मी येती की बॅटरी धराया." 73 वर्षांच्या माणसाला पौषातल्या रात्री ओढ्याकाठी कसं न्यायचं? मी नको म्हटलं तर गप्प बसल्या. मग निघताना एक पिशवी हातात दिली. "ऱ्हाऊ दे संगं. आन् पाय कोरडं ठेव. बाकी काय बी हूं दे." पिशवीत भाकरी असेल असं समजून मी ती खांद्याला अडकवली.

आमचं घर माळावर आणि वावर खाली ओढ्याला लागून. कोरेगाव तालुक्याच्या उत्तरेला, वसना नदीच्या या खोऱ्यात, बऱ्याच जणांची तीच तऱ्हा. घरातून निघताना नुसता गारठा असतो, पण उतार संपला की जणू गार पाण्यातच उतरतो आपण. गार हवा जड असते. वारा पडला की ती उतारानं वाहत येते आणि खोलगटात साचून राहते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात, तेही तसल्याच सखल जागेतले. माळावरचा शाळू निवांत उभा असतो आणि ओढ्याकाठचा गहू रात्रभर गारठतो. गव्हाला ती थंडी मानवते. पाणी पाजणाऱ्याला नाही मानवत.

अंगावर काय घालायचं ते मला इतक्या वर्षांत नीट उमगलंय. आत स्वेटर आणि वरून ह्यांचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आधी मी उलटं करायची, शर्टावर स्वेटर. मग दवात लोकर भिजायची आणि वारा तिच्यातून आरपार जायचा. शर्ट वर असला की तो वारा अडवतो, आणि लोकरीत कोंडलेली हवा ऊब धरते. दुसरं असं की खोरं चालवायला लागलं की घाम येतो. घाम यायच्या आधीच स्वेटर काढून बांधावर कोरडा ठेवायचा आणि सारा भरेपर्यंत उभं राहायचं झालं की परत चढवायचा. घामानं ओला झालेला सुती ब्लाऊज पाठीला चिकटला की मग कितीही गुंडाळा, हुडहुडी जात नाही.

पायांत गमबूट. दोन वर्षं झाली घेऊन, एक नंबर मोठेच घेतले, आत लोकरीचे मोजे बसावेत म्हणून. घट्ट बुटात पाय जास्त गारठतो. त्याआधी अनवाणीच. चिखलात चप्पल टिकते कुठं? आत्यांचा सगळा जन्म तसाच गेला. त्यांच्या टाचांच्या भेगांत अजून मेण भरावं लागतं.

तर काल. साधारण एक वाजता सातव्या साऱ्याचा बांध उंदराच्या बिळापाशी फुटला. पाणी शेजारच्या हरभऱ्यात निघालं. धावत गेले, खोऱ्यानं माती ओढायला लागले, आणि डावा पाय पाटात गेला, गुडघ्याच्या वर. बूट पाण्यानं भरला. बांध घातला मी, तेवढी शुद्ध होती. पण त्यानंतर पाच मिनिटांत बोटांची जाणीव गेली. डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, थंडीपेक्षा एकटेपणानं आलं.

विहिरीपाशी गेले. पाईपातून पडणाऱ्या पाण्यातून वाफा निघत होत्या. पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ते ते तापलेलं असतं म्हणून नाही. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. उन्हाळ्यात त्यामुळंच तेच पाणी गार लागतं. त्या धारेखाली पाय धरायचा फार मोह होतो. धरला की बरंही वाटतं. पण बाहेर काढला की ओल्या कातडीवर वारा लागतो आणि होती तेवढीही ऊब निघून जाते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी ते करून बसले होते, आणि दोन दिवस ताप काढला होता.

म्हणून पाय पुसायला काही मिळतंय का बघायला पिशवी उघडली. भाकरी नव्हतीच. वर दुमडलेलं कोरडं गोणपाट. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले मोजे, ह्यांचे. आणि तळाला आत्यांची घोंगडी.

ही घोंगडी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घेतलेली, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. दर मार्गशीर्षात मामा बैल बघायला म्हणून जायचे आणि काहीतरी घरचं घेऊन यायचे. माणदेशातल्या मेंढरांची लोकर. नवी होती तेव्हा चिंचोक्याच्या खळीनं अशी ताठ की जमिनीवर उभी राहील. आता मऊ झालीय, कडेला दोन ठिकाणी विरलीय. मामा गेल्यापासून आत्या तिच्याशिवाय झोपत नाहीत. काल रात्री त्या वाकळेवर झोपल्या असणार.

गोणपाटानं पाय पुसला, दोन्ही हातांनी चोळला, मोजा घातला. बूट पालथा करून झटकला, आत गोणपाटाचाच तुकडा कोंबला. घोंगडी डोक्यावरून घेतली. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. तिच्यावर दव पडलं तर थेंबाथेंबानं वरच राहतं. ओलसर झाली की मेंढराचा वास येतो तिला. काल तो वास मला इतका आवडला.

चार वाजता मोटार बंद करून वर आले तर स्वयंपाकघरात उजेड. आत्या चुलीपुढं बसलेल्या, वैलावर हुलग्याचं माडगं. हुलगं भाजून दळलेलं पीठ, गूळ, सुंठ. वाटी हातात धरली तरी निम्मी थंडी जाते. त्यांनी विचारलं काहीच नाही, फक्त माझे पाय बघितले. दोन्हीकडचे मोजे वेगळे दिसले तेव्हा म्हणाल्या, "व्हय, वाटलंच हुतं."

गोठ्यात गेले तेव्हा पावणेसहा. वासराच्या अंगावर गोणपाट आहे, खाली उसाचं कोरडं पाचट. रोज ओलं पाचट काढून कोरडं टाकावं लागतं, नाहीतर जनावराचंही माझ्यासारखंच होतं, खालून थंडी चढते. पश्चिमेच्या बाजूला आम्ही तुराट्यांचा कुड लावलाय, पण वरची एक हात जागा मोकळी ठेवलीय. बंद गोठ्यात घाम आणि मुताची वाफ कोंडते, जनावरं खोकायला लागतात.

आत शेकोटी तर नाहीच नाही. हे आम्ही चुकून शिकलो. दोन वर्षांमागं आत्यांच्या खोलीत लोखंडी शेगडीत कोळसे घालून दार-खिडकी लावून घेतली होती. मध्यरात्री आत्यांना मळमळ, डोकं धरलेलं, बोलणं जड. ह्यांनी दार उघडून त्यांना अंगणात आणलं म्हणून बरं. विझत आलेल्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतं. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. कुणाच्या घरी म्हातारं माणूस, बाळंतीण असेल तर कृपा करून शेगडी आत ठेवून झोपू नका. शेका, मग बाहेर काढा.

ऊन आता अंगणात आलं. चंदन-वंदन किल्ल्यांच्या माथ्यावर ते कधीच पोचलेलं असतं. आपण खाली बघत बसायचं.

संध्याकाळ

हरभऱ्याचे शेंडे दुपारी बारानंतर खुडले, दव वाळल्यावर. सकाळी पानांवरची आंब बोटांच्या चिरांत गेली की आग होते. पाणी शिरलेलं तेवढं बरं आहे, रोपं उभी आहेत. रात्रीला उडदाचं घुटं आणि बाजरीची भाकरी.

अजून चार सारे राहिलेत. लाईट परत सव्वादहाला.

मोजे चुलीमागच्या दोरीवर वाळले. घोंगडी मी उन्हात घालून, झटकून आत्यांच्या अंथरुणावर ठेवली होती. आत्ता लिहिताना बघतेय, ती तिथं नाही. पिशवी दाराजवळ टेकवलेली आहे, फुगलेली.