इलियड वाचू पाहणाऱ्या मुलांसाठी

आपल्या शाळेत मराठीच्या तासाला 'यमाताराजभानसलगा' पाठ करून घेत. होमरचं 'इलियड' वाचायला बसणाऱ्याला त्यातला 'भा' फार उपयोगी पडतो. या ग्रीक महाकाव्याच्या प्रत्येक ओळीत सहा गट असतात. त्यांचा मूळ साचा गुरू-लघू-लघू, म्हणजे आपला भगणच. पहिल्या चार गटांत दोन लघूंच्या जागी एक गुरू सर्रास चालतो, पाचवा गट बहुतेक वेळा भगणच राहतो आणि सहावा दोन अक्षरांवर थांबतो. त्यामुळे ओळ १२ अक्षरांचीही असू शकते आणि १७ अक्षरांचीही. काव्याच्या पहिल्याच ओळीत तिसऱ्या जागी दोन गुरू आहेत आणि पहिल्या पाचांतले बाकीचे चारही भगण. सहा गटांच्या अशा ओळी काव्यात एकूण १५,६९३, सर्ग २४. शाळेच्या स्मरणिकेत लिहायचं, तर आज नववी-दहावीत असलेल्यांना हे काव्य कसं वाचावं ते सांगावं, असं मनापासून वाटलं.

वृत्ताचं इतकं सांगायचं कारण आहे. इलियडमध्ये ग्रीकांचा योद्धा अकिलीस बसलेला असला तरी 'चपळ पायांचा'च असतो, आणि पहाट उगवते ती गुलाबी बोटांनीच. नव्या वाचकाला हे कंटाळवाणं भरताड वाटतं. पण हे काव्य मुखोद्गत परंपरेतून आलेलं आहे. गाणाऱ्याला ओळीचा अमुक एवढा भाग भरायचा असला की त्या मापाचं नाव-विशेषण त्याच्या जिभेवर तयार असे. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने हे आधी होमरच्या ओळी तपासून दाखवलं आणि मग तो युगोस्लाव्हियात गेला, कारण तिथे असे गायक तेव्हा हयात होते. १९३५ साली अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने तिथे १२,००० हून अधिक ओळींचं एक गाणं सांगून उतरवून दिलं. लांबीला ते जवळपास होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याएवढं, 'ओडिसी'एवढं भरतं.

वाचक अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली चूक अपेक्षेची. लाकडी घोडा, अकिलीसची टाच, ट्रॉयचा पाडाव यांपैकी इलियडमध्ये काहीच घडत नाही. ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातले थोडेच दिवस त्यात आहेत आणि शेवट होतो तो ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या अंत्यविधीने. दुसरी अडचण नावांची. अकियन, आर्गाइव्ह आणि डॅनाअन ही तिन्ही नावं ग्रीक सैन्याचीच. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचंच दुसरं नाव अलेक्झांड्रॉस. 'अत्रेउसचा पुत्र' म्हटलं की तो ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन असेल किंवा त्याचा भाऊ मेनेलाउस, हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरवायचं. एका कागदावर दोन रकाने आखून कोण कुठल्या बाजूचा ते लिहीत गेलात तर चार सर्गांत सगळे ओळखीचे होतात. तिसरी जागा दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी. तिच्यात २९ पथकं आणि १,१८६ जहाजं आहेत. पुष्कळजण इथेच पुस्तक मिटतात. पहिल्या वाचनात ती खुशाल ओलांडा. १, ३, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ हे सर्ग आधी वाचले तरी कथेचा कणा हाती येतो. सर्ग सारखे लांब नाहीत, पाचव्यात ९०९ ओळी आहेत तर एकोणिसाव्यात ४२४. समासात मूळ ओळींचे क्रमांक छापलेलं भाषांतर मिळवा आणि मोठ्याने वाचा.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. होमर तोच प्रसंग त्याच क्रमाने पुन्हा सांगतो तेव्हा त्यात काय बदललं ते पाहायचं. योद्धा युद्धासाठी सजतो ते वर्णन घ्या. पोटऱ्यांची कवचं, छातीचं चिलखत, तलवार, ढाल, शिरस्त्राण आणि शेवटी भाला, हा क्रम पक्का. असे चार मोठे प्रसंग आहेत. तिसऱ्या सर्गात पॅरिस सजतो तेव्हा त्याच्या अंगावर भाऊ लायकेऑनचं चिलखत असतं. ज्याच्यामुळे हे युद्ध पेटलं त्याच्याजवळ स्वतःचं चिलखतही नाही. अकराव्यात अगामेम्नॉनच्या चिलखताचं वर्णन रेंगाळत जातं, धातूचे पट्टे मोजून सांगितले जातात. सोळाव्यात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस अकिलीसची शस्त्रं चढवतो. सगळं क्रमाने येतं, आणि भाल्यापाशी कवी थांबतो. अकिलीसचा पेलिऑन डोंगरावरच्या अ‍ॅश लाकडाचा भाला तो घेत नाही, कारण तो जड भाला अकिलीसखेरीज कोणाला पेलत नाही. तेवढ्या एका गाळलेल्या वस्तूवरून ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस परत येणार नाही. एकोणिसाव्यात अकिलीस स्वतः सजतो तेव्हा भाला पुन्हा क्रमात येतो. तोवर पॅट्रोक्लसला मारून त्याच्या अंगावरचं चिलखत हेक्टरने चढवलेलं असतं. बाविसाव्या सर्गात त्या चिलखतात गळ्यापाशी उघडी राहणारी जागा शोधून अकिलीस तिथेच भाला मारतो.

हेक्टरचं ठरलेलं विशेषण 'लखलखत्या शिरस्त्राणाचा'. सहाव्या सर्गात तो बायकोला, अँड्रोमाकीला, भेटायला येतो आणि तान्ह्या मुलाकडे हात पसरतो. मूल त्या धातूला आणि वरच्या घोड्याच्या केसांच्या तुऱ्याला घाबरून दाईच्या कुशीत शिरतं. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलतो. नेहमीचं विशेषण इथे खरोखरची वस्तू होऊन समोर येतं. मुलाला बाप हवा आहे आणि नगराला योद्धा, हा हेक्टरचा सगळा पेच त्यात आहे. मला या काव्यात त्याच्याइतका जवळचा कोणी वाटत नाही.

पण पुनरुक्तीची सगळ्यात मोठी जोडी पहिल्या आणि शेवटच्या सर्गाची आहे. आरंभी अपोलो देवाचा पुजारी क्रायसिस मुलीच्या सुटकेसाठी अमाप धन घेऊन ग्रीक छावणीत येतो. सगळं सैन्य म्हणतं, धन घ्या, मुलगी द्या. एकटा अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो. म्हातारा समुद्राकाठाने चालत जाऊन अपोलोची प्रार्थना करतो आणि नऊ दिवस छावणीत साथ पसरते, आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. अगामेम्नॉन आणि अकिलीस यांचं पुढचं सगळं भांडण यातून उभं राहतं. चोविसाव्या सर्गात दुसरा म्हातारा बाप येतो, ट्रॉयचा राजा प्रिअम. त्याला मुलाचं, हेक्टरचं, प्रेत हवं आहे. त्याने काय काय आणलं ते कवी मोजून सांगतो. पाच प्रकारची वस्त्रं, प्रत्येकी १२, दहा टॅलंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोनं, दोन तिपायी, चार हंडे आणि थ्रेसच्या लोकांनी भेट दिलेला एक सुंदर प्याला.

प्रिअम अकिलीसचे गुडघे धरतो आणि मुलांना मारणाऱ्या त्याच हातांचं चुंबन घेतो. गुडघे धरून शरण येणं हाही ठरलेला प्रसंग. एकविसाव्या सर्गात लायकेऑनने असेच गुडघे धरले होते, आणि अकिलीसने त्याला मारलं. इथे तो रडतो. प्रिअम हेक्टरसाठी रडतो, अकिलीस आपल्या बापासाठी आणि मधूनच पॅट्रोक्लससाठी. तरीही अकिलीस एकदम शांत झालेला नाही. प्रिअम घाई करतो तेव्हा तो त्याला दटावतो, मला चिडवू नकोस म्हणतो. मग बाहेर जाऊन दासींना सांगतो की प्रेत म्हाताऱ्याच्या नजरेआड धुवा. मुलाला पाहून बापाचा संताप अनावर झाला तर आपलाही होईल आणि आपण त्याला मारून बसू, हे त्याला ठाऊक आहे. आणलेल्या वस्त्रांतलीच दोन आणि एक अंगरखा प्रेतासाठी बाजूला ठेवतात. क्रोध याच माणसाचा, आणि त्याला बांध घालणाराही तोच. या ओळी सावकाश वाचा. मग अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी आणि बाराव्या दिवशी लागलंच तर युद्ध, असं ठरतं.

हे झाल्यावर लगेच 'ओडिसी'चा अकरावा सर्ग काढा. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीसपुढे दोन वाटा होत्या, घरी परतून दीर्घ आयुष्य किंवा इथे मरण आणि अक्षय कीर्ती. 'ओडिसी'त मात्र पाताळात तिचा नायक ओडिसियस याला भेटलेला मृत अकिलीस म्हणतो, सगळ्या मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन गरिबाकडे मोलमजुरी केलेली बरी. मग तो मुलाची खबर विचारतो. निओप्टोलेमस लढाईत कसा शूर ठरला ते ओडिसियस सांगतो, आणि ते ऐकून अकिलीस आनंदाने लांब ढांगा टाकत निघून जातो.